वाचकांचे प्रश्न: ट्रेलरमधली ओल आणि सकाळचं जड डोकं

प्रश्न: आमचा दोघांपुरता छोटा कॅम्पिंग ट्रेलर आहे, गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोलीच म्हणा. थंडीत गेलो की रात्री सगळं घट्ट बंद करून झोपतो आणि सकाळी बघावं तर काचांवरून पाण्याचे ओघळ, गादी खालून ओली, वर डोकं जड. ह्यांचं म्हणणं छत गळतंय, पण पाऊस नसला तरी असंच होतं. खिडकी उघडी ठेवावी तर कुडकुडायला होतं. काय करू?

उत्तर: ताई, आधी डोक्याचं बोलूया, ओल नंतर. रात्री आत गॅसचा हीटर किंवा शेगडी चालू ठेवता का? ठेवत असाल तर आजपासून बंद, आणि निखारे तर विझत आलेले असले तरी आत आणायचे नाहीत. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. दोघांचंही डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतंय, असं असेल तर त्याचाच संशय घ्यायचा, लगेच बाहेर पडायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. ज्याचा धूर नळीवाटे बाहेर जातो असा पक्का बसवलेला हीटर असेल तर गोष्ट वेगळी, तरीही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, ह्यात चालढकल नको.

आता ओल. ते पाणी तुमच्या श्वासातलं आहे हो. झोपलेला माणूस श्वास आणि घाम धरून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो, म्हणजे दोघांचं आठ तासांत अर्ध्या लिटरच्या वर गेलं. साडेतीन मीटर लांब, दोन मीटर रुंद ट्रेलरमध्ये हवा असते १३ घनमीटरच्या आसपास आणि १० अंशाला ती सगळी हवा मिळून जेमतेम १२० ग्रॅम वाफ धरू शकते, मग बाकीची जाणार कुठे, जे सगळ्यात गार असेल तिथे पाणी होऊन बसते, काच, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, गादीखालची फळी.

त्यामुळे हवेला दोन वाटा लागतात, एक खालून आत यायला आणि एक वरून बाहेर जायला. गरम हवा वर चढते म्हणून छतावरचा व्हेंट (हवा जायची झडप) दोन बोटं उघडा ठेवायचा आणि त्याच्यापासून लांब असलेली एखादी खिडकी खालच्या बाजूने किंचित. नुसता व्हेंट उघडून बरेच जण म्हणतात फरक पडत नाही, अहो पण आत यायला वाट नसेल तर बाहेर काय जाणार! १२ व्होल्टचा पंखा असेल तर हवा बाहेर फेकायच्या दिशेने आणि सगळ्यात हळू ठेवा, पण पंख्याच्या शेजारची खिडकी मात्र बंद हवी, नाहीतर तो तिथलीच हवा ओढत बसतो आणि तुमच्या अंथरुणाकडची हवा जागची हलत नाही.

बाहेर धुकं आहे, मग दमट हवा आत कशाला घ्यायची, असं वाटेल, मलाही आधी तसंच वाटायचं. पण ५ अंशाची धुक्यातली हवा आत येऊन १८ अंशापर्यंत तापली की तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे आतल्या हवेपेक्षा ती कोरडीच. थंडीसाठी एक पांघरूण जास्त घ्या, व्हेंट बंद करू नका.

गादीखाली लाकडी पट्ट्या टाका म्हणजे खालून हवा खेळेल, आणि उठल्यावर गादी उभी करून ठेवा. ओले टॉवेल आत वाळत घालू नका. स्वयंपाक जमेल तेवढा बाहेर, कारण एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, भांड्यातली वाफ वेगळीच.

प्रश्न: ट्रेलरच्या तळाला जाळीची भोकं आहेत, तिथून पायाला गार वारा लागतो. फोम भरून बुजवली तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको! एलपीजी हवेपेक्षा जड असतो, कुठे गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्याला बाहेर पडायला ती भोकं ठेवलेली असतात. गॅस गळतीचा अलार्म पण म्हणूनच जमिनीलगत लावतात. वारा लागतो तर झोपायची दिशा बदला किंवा पायात मोजे घाला, आणि निघण्याआधी जाळी ब्रशने साफ करा, चिखल आणि पाला अडकून ती बरेचदा आपोआपच बुजलेली असते.