पाऊस लागून राहिलाय, घरात बसून शेताचं काय करावं?

प्रश्न : आमची पौडच्या पुढे दीड एकर जमीन आहे. भातलावणी उरकली की मग चार-चार दिवस पाऊस असा लागतो की बांधावर पाय ठेवता येत नाही. मिस्टर पुण्यात नोकरीला, घरी मी आणि सासूबाई. ओसरीवर बसून शेताच्या उपयोगाचं काय करता येईल? सगळी बियाणी काढून निवडून ठेवावीत आणि कुदळी-फावड्यांना नवे दांडे बसवावेत असं मनात आहे. (एक वाचक, ता. मुळशी)

उत्तर : ताई, कामं दोन्ही महत्त्वाची, पण नेमकी हीच दोन आत्ता हातात घेऊ नका. तुमच्या भागात या दिवसांत हवा इतकी दमट असते की बरणीतलं मीठ पाझरतं, त्या हवेत बियाण्याचा डबा तासभर उघडा राहिला की बी ओल धरतं आणि मग बुरशी आणि भुंगा दोन्ही मागोमाग हजर. झाकण घट्ट आहे का, डब्यावर वाण आणि वर्ष लिहिलंय का तेवढं बघा आणि डबा बंदच राहू द्या, निवडणं-पाखडणं ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. दांड्यांचंही तसंच. पावसात लाकूड फुगलेलं असतं, आज ठोकून गच्च बसवलेला बाभळीचा दांडा फाल्गुनात सुकून आकसतो आणि कुदळ डुगडुगायला लागते, कुणाच्या पायावर निसटली तर केवढ्याला पडेल!

म्हणजे या दिवसांत काम ठरवताना आधी एकच बघायचं, ओली हवा या कामाला मदत करणार की त्याची वाट लावणार.

धार लावायला मात्र आत्ताइतका वेळ पुन्हा मिळणार नाही, भात कापणीला आला की कुणाला सवड असते? खुरपं, फावडं कानशीने, कोयता धार लावायच्या दगडावर. आधी पॉलिश पेपरने गंज काढा, मग दगड ओला करून पातं जरासं तिरकं धरा आणि एकाच दिशेने ओढा, मागेपुढे खसाखसा घासू नका, धारेच्या दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा आलेला बोटाला जाणवला की पालटायचं. बोट आडवं फिरवून बघा, धारेवरून लांबीच्या दिशेने कधीच नाही. झालं की कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा आणि अवजार भिंतीला टांगा, जमिनीला टेकवून ठेवलं की आठ दिवसांत परत तांबूस होतं. दातेरी वैभव विळ्याला दगड लावायचा नाही हां, त्याचे दाते जातात.

बियाण्याची उगवण तेवढी आत्ता तपासता येईल. भातानंतर हरभरा करणार असाल तर डब्यातून पटकन मूठभर काढून झाकण लावून टाका, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करा आणि आठवडाभर सुकू देऊ नका. 85 किंवा जास्त उगवले तर बी चांगलं, सत्तरच्या आसपास असेल तर पेरताना प्रमाण वाढवा, निम्मेच उगवले तर वेळेत नवीन बी बघा. आत्ता कळलं तर हातात दोन-अडीच महिने आहेत.

पेंढ्याचे बंदही वळून ठेवा, कोरड्या दिवसात पेंढा मोडतो, या हवेत छान वळतो. आणि सासूबाईंना गोधडी येत असेल तर शेजारी बसून शिकून घ्या, मला हे फार मनापासून वाटतं, कारण तो धावदोरा बघूनच येतो.

पण घरात बसून चार पैसे मिळतील असं खरं काम म्हणजे ढिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. तिला 20 ते 30 अंश तापमान आणि 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, ती तुम्हाला या दिवसांत फुकट मिळतेय आणि पेंढा घरचाच आहे. काळा पडलेला पेंढा अजिबात घेऊ नका. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून रात्रभर भिजवायचे, मग 80 अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे, निथळून गार करायचे. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, बहुतेकांचं इथेच बिघडतं, जास्त ओल राहिली की पिशवी सडते. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर, कडेने बियाणं (स्पॉन), परत थर असं भरायचं, बियाणं ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के. पिशवीला भोकं पाडून अंधाऱ्या खोलीत ठेवा, पंधरा-वीस दिवसांत आत पांढरंशुभ्र जाळं दिसतं, की पिशवी कापून काढायची, खोलीत थोडा उजेड-वारा येऊ द्यायचा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. फुलाची, म्हणजे अळिंबीच्या छत्रीची, कड वर वळायच्या आत काढा. हिरवी बुरशी दिसली ती पिशवी लगेच बाहेर. आणि झोपायच्या खोलीत हे करू नका, फुलांतून उडणाऱ्या बारीक पावडरीने काहींना खोकला-दमा होतो.

आधी चार-पाच पिशव्याच करा आणि जमल्या तरच वाढवा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर संशोधन प्रकल्प आहे, प्रशिक्षण आणि बियाण्याची चौकशी तिथेच करा, मिस्टर पुण्यात असतातच, त्यांना पाठवा.

प्रश्न : इंद्रायणी तांदळाला पावसाळ्यात सोंडे होतात. ऊन नाही, वाळवू कसा? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : वाळवायला पसरूच नका, उलट ओल धरेल. चाळून सोंडे काढा, तांदूळ दोन-दोन किलोच्या हवाबंद डब्यांत भरा आणि जमेल तेवढे डबे चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर डब्याचा गारवा पूर्ण उतरून तो घरच्या हवेइतका होईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आत पाणी सुटतं. कडुनिंबाचा पाला टाकणार असाल तर सावलीत कुरकुरीत वाळलेलाच, ओला टाकलात तर बुरशी येईल. आणि पावसाळ्यात वर्षभराचा तांदूळ भरू नका हो, महिन्याचाच आणा.