उचकापाचकीचे वय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा नातू १४ महिन्यांचा झाला तरी अजून चालत नाही. तो कधी रांगलाच नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरतो आणि सोफ्याला धरून उभा राहतो. शेजारची मुलगी दहाव्या महिन्यातच चालू लागली होती, त्यामुळे येणारे-जाणारे सारखे विचारतात. चाकांचा वॉकर आणावा असे माझे म्हणणे आहे, पण सूनबाई नको म्हणतात. कोणाचे ऐकावे?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, वॉकरच्या बाबतीत सूनबाईंचे बरोबर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे म्हणाल, तर त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शेजारची मुलगी आणि आपला नातू हे दोघेही त्यात आरामात बसतात. त्याच पाहणीतील शंभरांपैकी चारएक मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ढुंगणावर सरकणारी मुले चालायला थोडा जास्त वेळ घेतात, कारण त्यांना हवी ती वस्तू बसल्या जागेवरून गाठता येते आणि उठण्याची निकड भासत नाही. घरात जुन्या गोष्टी काढल्यात, तर वडील किंवा आत्याही लहानपणी तशीच सरकत असे, असेही पुष्कळदा निघते.

आता वॉकर. त्या गोल चौकटीत मूल झोळीत बसल्यासारखे लटकते आणि चवड्यांनी जमीन ढकलते. चालण्यासाठी जे शिकायचे असते, म्हणजे तोल जाणे, तो सावरणे आणि एका पायावर क्षणभर अंगाचा भार घेणे, त्यातले काहीच त्याला करावे लागत नाही. वॉकरमुळे मूल लवकर चालते, हा समज खरा नाही. उलट चाकांमुळे ते क्षणात जिन्याच्या तोंडाशी किंवा टेबलावरच्या गरम चहापाशी पोहोचते. या अपघातांमुळेच कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा. त्याच्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते आणि ते थांबले की गाडाही थांबतो. गुळगुळीत फरशीवर तो पुढे पळतो, एवढाच त्याचा दोष आहे. खालच्या आडव्या दांडीला वाळूची छोटी पिशवी बांधली की तोही बराचसा जातो. नातवाला काही आणायचेच असेल, तर पांगुळगाडा आणावा, तोही तो स्वतःहून उभा राहू लागला आहे म्हणून. घरात त्याला अनवाणीच राहू द्यावे, म्हणजे तळव्याला जमीन कळते.

पडण्याची धास्तीही फार बाळगू नये. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. पडल्यावर मूल आधी आपल्या तोंडाकडे बघते. आपण किंचाळलो नाही, तर बहुतेक वेळा ते न रडता उठून पुढच्या कामाला लागते.

१८ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय पाऊल पडले नाही, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जावे. पाय ताठ किंवा फार लुळे वाटत असतील, तो नेहमी चवड्यांवरच उभा राहत असेल, सगळी कामे एकाच हाताने करत असेल किंवा पूर्वी येत असलेली गोष्ट आता करेनासा झाला असेल, तर १८ महिन्यांचीही वाट पाहू नये.

प्रश्न : आमची मुलगी दीड वर्षाची आहे. ती स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या रिकाम्या करते, जेवताना वीस-वीस वेळा चमचा खाली टाकते आणि न्हाणीघरात शिरून हाताला लागेल ते बादलीत बुडवते. परवा त्यात चपला आणि रिमोट सापडले. घर दोन खोल्यांचे आहे आणि आम्ही दोघेही घरूनच काम करतो. शेवटी तिने एका जागी बसावे म्हणून मोबाइल हातात देतो. ती हट्टी होत आहे का? शिस्त केव्हापासून लावावी?
— एक वडील, ठाणे

उत्तर : माझ्या तपासणीच्या टेबलावर, वजनकाट्याच्या शेजारी, एक स्टीलचा छोटा डबा आणि काही लाकडी ठोकळे कायम ठेवलेले असतात. आईवडील बोलत असताना मी मुलाच्या हातांकडे पाहते. दीड वर्षाचे मूल आधी झाकण टेबलावर आपटून त्याचा आवाज ऐकते, मग ते डब्यावर उलटे ठेवते. झाकण बसत नाही. ते काढून पुन्हा उलटेच ठेवते, दाबून बघते, आणि कधीतरी मनगट वळते, झाकण सुलटे होते आणि तळहाताच्या दाबाखाली ‘टक्’ करून बसते. त्या क्षणी मूल डबा सोडून आईकडे बघते. एका हाताने धरायचे आणि दुसऱ्याने फिरवायचे, आतले-बाहेरचे आणि लहान-मोठे ताडायचे, आणि आपला आनंद दुसऱ्याच्या नजरेत शोधायचा, एवढ्या गोष्टी त्या अर्ध्या मिनिटात घडलेल्या असतात. ठोकळ्यांचेही तसेच आहे. सव्वा वर्षाच्या सुमारास मूल एकावर एक दोन ठेवते, दीड वर्षाच्या आसपास तीन-चार आणि दोन वर्षांच्या सुमारास सहा. रचल्यावर ते पाडते, आणि पाडण्याचा आनंद रचण्याहून मोठा असतो.

आपली मुलगी ट्रॉलीत हेच करत आहे. तिला हट्टी म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. चमचा टाकण्यात तर प्रयोग आणि खेळ दोन्ही आहेत. चमचा दर वेळी खालीच का जातो, हा एक प्रश्न आणि बाबा दर वेळी उचलून का देतात, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात आहे. दोन-तीनदा उचलून द्यावा, मग जेवण संपले असे समजून न रागावता ताट उचलावे. या वयात नियम लक्षात ठेवण्याची ताकद फारशी नसते, म्हणून ‘नाही’ हा शब्द गॅस, विजेचे बटण आणि रस्ता अशा मोजक्या जागांसाठी राखून ठेवावा आणि बाकीच्या ठिकाणी घरच बदलावे. सगळ्यात खालची एक ट्रॉली तिच्या नावे करून टाकावी. त्यात झाकणांचे डबे, चाळणी, वाट्या, पळी आणि जुना डाव ठेवावा. सुऱ्या, काडेपेटी, औषधे, फिनेल आणि रिमोटमधले गोल चपटे सेल उंचावर, बंद कपाटात जावेत. हे सेल गिळले गेले तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, तेव्हा तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

आपल्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती बादलीची. या वयात अंगाच्या मानाने डोके जड असते. बादलीत वाकलेले मूल तोल जाऊन डोक्यावर पडले की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि त्यासाठी वीतभर पाणीही पुरे होते, शिवाय हे बहुधा आवाज न होता घडते. वापर झाला की बादली रिकामी करून पालथी घालावी आणि न्हाणीघराला वरची कडी लावावी. पाण्याची तिची हौस मात्र मारू नये. परातीत तांब्याभर पाणी आणि दोन पेले देऊन कोणीतरी जवळ बसावे. ओतणे, सांडणे आणि फडक्याने पुसणे हे सगळे तिला आवडेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिक्षणाचे साहित्य त्यांनी परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच उभे केले होते. आपल्या घरात तर भरलेले स्वयंपाकघर आहे.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस स्पष्ट आहे : एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन वर्षांनंतरही दिवसाकाठी एक तासाच्या वर जाऊ नये. तो एकदम बंद करा, असे सांगून मी मात्र मोकळी होणार नाही, कारण दोघांची मीटिंग एकाच वेळी असली की काय होते, याची मला कल्पना आहे. दोघांनी कामाच्या वेळा शक्य तितक्या मागे-पुढे कराव्यात आणि मोबाइल देण्याच्या वेळांपैकी जेवणाची वेळ सर्वांत आधी सोडवावी. गावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे यात धरू नये, कारण समोरून कोणीतरी तिला उत्तर देत असते.

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षे एक महिन्याचा आहे. घरी मराठी, सांभाळणाऱ्या बाई कन्नड आणि शेजारी हिंदी बोलतात. त्याचे मराठी शब्द जेमतेम दहा आहेत. तीन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतो, असे म्हणतात. मराठी थांबवावी का? काहींचे म्हणणे असे, की मुलगे उशिराच बोलतात.
— एक आई, बेंगळुरू

उत्तर : मराठी अजिबात थांबवू नये. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबत नाही. शब्द मोजताना मात्र तिन्ही भाषांचे एकत्र मोजावेत. तो आपल्याला ‘पाणी’ आणि बाईंना ‘नीरु’ म्हणत असेल, तर ते दोन शब्द धरावेत. बाईंकडेही विचारावे, कारण कन्नड शब्द आपल्या कानांवरून निसटत असतील. दोन वर्षांच्या सुमारास सगळे मिळून पन्नासच्या आसपास शब्द असावेत आणि ‘आई पाणी’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द तो स्वतःहून जोडत असावा. नुसते ऐकून म्हटलेले शब्द त्यात धरू नयेत.

एकत्र मोजूनही शब्द थोडेच भरले किंवा जोडणी सुरू झालेली नसली, तर आणखी सहा महिने बघू, असे करू नये. मुलींच्या मानाने मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, पण तो फरक इतका मोठा नाही की त्याच्या भरवशावर थांबावे. सर्वांत आधी कानांची तपासणी करून घ्यावी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठून ऐकू कमी येते आणि घरच्यांना ते कळतही नाही. त्यानंतर वाचाउपचारतज्ज्ञांना दाखवावे. ‘चप्पल आण’ म्हटल्यावर तो ती आणतो का, विमान दिसले की बोट दाखवून आपल्याकडे बघतो का आणि नावाने हाक मारल्यावर वळतो का, याची टिपणे सोबत न्यावीत. यांतले काही होत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर याच आठवड्यात जावे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक जोड देते. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून देशभरासाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरज पडल्यास पुढचे उपचार विनामूल्य मिळतात. अंगणवाडीताईंकडे त्याची चौकशी करावी.

प्रश्न : संक्रांतीनंतर भाचीचे बोरन्हाण आहे. ती सव्वा वर्षाची आहे आणि जमिनीवर पडलेला दाणा न् दाणा तोंडात घालते. काय काळजी घ्यावी?
— एक मावशी, नाशिक

उत्तर : जमिनीवरचा दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अचूक पकडणे, हे तिने वर्षाच्या आत-बाहेर कमावलेले कसब आहे आणि बोरन्हाणात तिला त्यासाठी रानच मोकळे मिळते. पण बोरे, भुईमुगाचे दाणे, हलवा आणि उसाचे करवे या सगळ्यांनी श्वास अडकू शकतो. दाढा नीट येऊन चावता येईपर्यंत, म्हणजे चार वर्षांपर्यंत, अख्खे शेंगदाणे देऊच नयेत. डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या घालाव्यात. बोरे, शेंगा आणि हलवा मोठ्या मुलांच्या हातात पुड्यांतून द्यावा. लूट झाली की भाचीला कडेवर घेऊन आधी जमीन झाडून काढावी. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून लगेच उतरवावेत, कारण ती ते चाटणार हे नक्की.

तरीही घशात काही अडकले आणि तिला खोकता किंवा रडता येईनासे झाले, तर तिला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. त्याने न निघाल्यास मागून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबावे आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून-पालटून करत राहावे. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावावा. एक वर्षाच्या आतील बाळाचे पोट दाबू नये, छातीच्या मध्यावर दोन बोटांनी दाबावे. दिसत नसलेली वस्तू बोट घालून चाचपडू नये, ती आणखी आत जाते. बोरन्हाणाच्या दिवशी घरातल्या दोघांना तरी हे येत असावे, आणि उशीवर सराव करायला आदली संध्याकाळ पुरते.