आजी रात्रीही कवळी काढत नाहीत, चालेल का?

नाही, झोपताना काढायलाच हवी. कवळीवर बुरशी आणि जंतूंचा बुळबुळीत थर साचतो. त्याने टाळू लाल होतो, ओठांचे कोपरे चिरतात. पण मला जास्त काळजी फुप्फुसांची वाटते. झोपेत जंतूंनी भरलेली लाळ नकळत श्वासनलिकेत उतरते आणि वय झालेल्या माणसाला ती खोकून नीट बाहेर टाकता येतेच असं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या अभ्यासात ८५ आणि त्यापुढच्या वयाचे ५२४ जण होते. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासा. टूथपेस्ट नको, चरे पडतात. मग गार पाण्यात बुडवून ठेवा, उकळत्या नको. हिरड्या, जीभही पुसा. बोळकं दिसायचा संकोच असेल, तर डबी आजींच्या उशाशीच ठेवा.