मोबाइल आणि हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं छोटं यंत्र) गेम्सवर लिहिणारं प्रकाशन वाढतं कसं? आणि आयफोनच्या गेम्सवर लिहिणारं, एवढं वाढलेलं टचआर्केड हे संकेतस्थळ बंद का पडलं?

मी पुण्यात एका छोट्या मोबाइल गेम स्टुडिओत मार्केटिंग बघतो. अशा प्रकाशनांना ‘आमच्या गेमवर दोन ओळी लिहा हो’ म्हणून मेल टाकणारी जी जमात असते, त्यातलाच मी एक. मराठीत असं काही उभं राहील का, हेही तुम्ही विचारलंय. त्याकडे शेवटी येतो.

टचआर्केडचं लिखाण चांगलं होतं यात वाद नाही, पण ते वाढलं मुख्यतः ॲपलच्या दुकानातल्या उणिवांवर. १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲप होती, आणि पहिल्या तीन-चार दिवसांतच एक कोटी डाउनलोड झाले. टचआर्केडची सुरुवातही त्याच वर्षातली. ॲपलच्या बातम्या देणाऱ्या मॅकरूमर्स या संकेतस्थळाचे आर्नल्ड किम आणि त्यांच्यासोबत ब्लेक पॅटरसन यांनी ते काढलं. किम पेशाने डॉक्टर. त्याच वर्षी वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ संकेतस्थळांकडे वळले.

त्या काळचं ॲप स्टोअर आठवून बघा. गेम्सचा ढीग रोज वाढतोय, शोध धड चालत नाही, आणि गेम चालताना कसा दिसतो हे बघायची सोयच नाही. दुकानाच्या पानावर व्हिडिओ लावायची परवानगी थेट २०१४ मध्ये, आयओएस ८ (आयफोनची प्रणाली) सोबत आली. म्हणजे सहा वर्षं गिऱ्हाईक चार-पाच स्थिर चित्रं बघून पैसे मोजत होतं. टचआर्केड ट्रेलर दाखवायचं, खेळून बघायचं, आणि घेण्यालायक आहे की नाही ते सांगायचं. नवे गेम बहुतेक गुरुवारी यायचे. न्यूझीलंडमध्ये गुरुवार आधी उजाडतो, म्हणून हौशी मंडळी तिथलं खातं उघडून ठेवायची. त्या रात्रीची टचआर्केडची यादी म्हणजे आमच्या धंद्यातला साप्ताहिक निकालच. त्यात नाव आलं की विक्रीचा आलेख उडी मारायचा. त्यांच्या फोरमवर गेम बनवणारे स्वतः यायचे, शिव्या खायचे, दुरुस्त्या करायचे आणि प्रोमो कोड, म्हणजे गेम फुकट उतरवायचे कोड, वाटायचे. ॲपल दर आवृत्तीमागे मोजकेच कोड द्यायचं, त्यामुळे त्या कोडांवर अक्षरशः झुंबड.

पैसा दोन वाटांनी यायचा. एक जाहिराती, दुसरी ॲपलची अफिलिएट योजना: वाचकाने लेखातल्या दुव्यावरून गेम घेतला की किमतीच्या ७ टक्के प्रकाशनाला. पाच डॉलरच्या गेमवर ३५ सेंट. वाचक लाखांत असतील तर हे चालतं, आणि काही वर्षं चाललंही.

मग दोन्ही वाटा बंद होत गेल्या, आणि हा भाग मी जवळून पाहिलाय. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने फुकट ॲपमध्येही आतून खरेदीची मुभा दिली. पाच डॉलर मोजण्याआधी माणूस कुणाला तरी विचारतो. फुकट गेम तो उतरवतो, पाच मिनिटं खेळतो आणि उडवतो. रिव्ह्यूची गरजच पातळ झाली. २०१२ मध्ये फेसबुकने ॲप इन्स्टॉलच्या जाहिराती आणल्या आणि आमच्यासारख्यांचं बजेट तिकडे गेलं. कारण साधं: एका इन्स्टॉलला किती पडले आणि त्या माणसाने पुढे गेममध्ये किती खर्च केले, हे तिथे आकड्यात दिसतं. गेमिंगच्या पानावरच्या बॅनरचा असा हिशोब बॉसला देता येत नाही.

२०१५ मध्ये टचआर्केडने पेट्रिऑनवर, म्हणजे चाहत्यांकडून दरमहा वर्गणी घ्यायच्या संकेतस्थळावर, वाचकांपुढे हात पसरला. २०१७ मध्ये ॲपमधल्या खरेदीवरचं कमिशन ७ वरून अडीच टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी आयओएस ११ मध्ये ॲप स्टोअरचं रूप पालटलं: गेम्सचा वेगळा टॅब, ‘टुडे’चं पान, ॲपलच्या स्वतःच्या संपादकांनी लिहिलेल्या शिफारशी. ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपलने कळवलं की १ ऑक्टोबरपासून ॲप्सना अफिलिएट योजनेतून काढतोय, आणि कारण दिलं ते हेच, की नव्या दुकानात ॲप सापडण्याच्या सोयी वाढल्यात. ज्या उणिवेवर घर बांधलं होतं, ती मालकानेच बुजवली. एली होडॅप हे तेव्हाचे मुख्य संपादक २०१९ मध्ये बाहेर पडले. उरलेल्यांनी निन्टेन्डो स्विच या हँडहेल्डकडे मोर्चा वळवला, शॉन मस्ग्रेव्ह यांचं स्विचवरचं सदर तर आयफोनशी देणंघेणं नसलेले लोकही वाचायचे. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये जॅरेड नेल्सन यांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता ब्रिटनचं पॉकेट गेमर हे अशाच विषयाचं संकेतस्थळ बघा. ते आयफोनच्याही आधीचं, साध्या फोनवरचे जावा गेम्स आणि एन-गेज, डीएस, पीएसपी या हँडहेल्डच्या काळातलं. स्टील मीडिया या त्यांच्या कंपनीने एक गोष्ट लवकर हेरली: खेळणारा पैसे देत नसेल, पण गेम बनवणारा देतो. धंद्याच्या बातम्यांसाठी त्यांनी पॉकेट गेमर डॉट बिझ काढलं, आणि २०१४ मध्ये लंडनला कनेक्ट्स ही परिषद सुरू केली. पुढच्याच वर्षी ती बंगळूरलाही झाली. तिकिटं, प्रायोजक, स्टॉल, गुंतवणूकदारांशी भेटी. वाचक म्हणून मला हे जरा कोरडं वाटतं. टचआर्केडमधला जिव्हाळा तिथे नाही. पण पगार निघतात.

मराठीचं म्हणाल, तर आधी पैसे कोण देणार ते बघा. भारतात गेमिंगवरच्या जाहिरातींचा मोठा हिस्सा फँटसी (खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून पैसे लावायचे) आणि रमीवाल्यांचा होता. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद झाल्या. हँडहेल्डचा वाचक थोडाच, कारण निन्टेन्डोने स्विच इथे अधिकृतपणे आणलाच नाही, लोक ‘इम्पोर्टेड’ घेतात. राहिला या धंद्यात शिरू बघणारा मुलगा किंवा मुलगी. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईत नझारा शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. टेस्टरची (गेममधल्या चुका शोधणाऱ्याची) नोकरी कशी मिळते, पोर्टफोलिओत काय दाखवायचं, हे मराठीत नीट सांगणारं मला तरी काही दिसलेलं नाही. मी सुरू केलं असतं तर तिथून केलं असतं. गेम बनवायला शिकवणारे क्लासवाले आणि स्टुडिओ यासाठी थोडेफार पैसेही देतील, फक्त क्लासवाल्यांची स्तुती छापायची वेळ कधी येते त्यावर नजर ठेवा. आणि रिव्ह्यूंपेक्षा गाइड लिहा. बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या गेमचा रिव्ह्यू आज कोणी शोधत नाही, पण त्याची सेन्सिटिव्हिटी सेटिंग (बोट फिरवल्यावर नेम किती हलावा ते) शोधणारे ढिगाने आहेत. लिहायला कंटाळवाणं काम, आणि दर अपडेटला बदलावं लागतं, एवढं धरून चला.