ओढ्याचं पाणी आम्लधर्मी झालं तर त्यातल्या किड्यांचं आणि गोगलगायींचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की पाणी काचेसारखं नितळ असूनही त्यात जीव का नसतात आणि पुण्याजवळच्या ओढ्यांना हा धोका आहे का. मी एमएस्सीला असताना पानशेतच्या वरच्या अंगाला ओढ्यांतले किडे मोजलेत, म्हणून लिहिते.

तिथे गुडघाभर पाण्यातला दगड उलटा केला की खालच्या बाजूला मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याचं पाण्यात वाढणारं पिल्लू चिकटलेलं दिसतं, नखाएवढं, मागे बारीक शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची इवली पानं सारखी हलत असतात. सगळी गोम तिथेच आहे. गोड्या पाण्यात मीठ फार कमी, त्यामुळे हे जीव पाण्यातलं सोडियम कणाकणाने शरीरात ओढून घेत जगतात, आणि पाण्यात आम्ल वाढलं की ते ओढणं अडतं, वर अंगातलंही झिरपून जातं. त्यात पीएच (पाणी किती आम्ल आहे याचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळून पाण्यात येतं आणि तेही घातक. म्हणून मेफ्लायच्या बऱ्याच जाती आधी जातात. गोगलगायींचं दुखणं वेगळं, त्यांना शंखासाठी कॅल्शियम लागतं आणि अशा पाण्यात ते आधीच कमी असतं. स्टोनफ्लाय या ओढ्यातल्या दुसऱ्या एका किड्याच्या काही जाती मात्र तग धरतात.

आणि पीएच ७ चा ६ झाला म्हणजे थोडंसं बदललं असं समजू नका, आम्लता दहापट झाली.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात १९७७ साली एका छोट्या ओढ्यात मुद्दाम सल्फ्युरिक अॅसिड सोडून पीएच ४ च्या आसपास ठेवला होता, तर पहिल्या काही दिवसांतच तळाचे किडे जागा सोडून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने प्रवाहाबरोबर वाहून जायला लागले. पाण्यात पडलेली पानं खाणारे जीव कमी झाले की पानंही लवकर कुजत नाहीत, नुसती साचत राहतात. वेल्समध्ये तर ओढ्याकाठच्या डिपर पक्ष्यांनाही याचा फटका बसला, कारण त्यांचं खाणंच हे किडे.

आता पुण्याचं. आपला काळा कातळ बेसॉल्टचा, तो झिजताना पाण्यात बायकार्बोनेट मिसळतं आणि ते आम्ल मारून टाकतं. नॉर्वे-स्वीडनच्या ग्रॅनाइटच्या भागात ही सोय नाही, म्हणून तिकडे आम्लपावसाने इतकं नुकसान केलं. आपल्या मुळा-मुठेत जीव मरतात ते आम्लाने नाही, सांडपाण्याने ऑक्सिजन संपतो म्हणून, आणि याचं मला खरंच फार वाईट वाटतं. तिथे तळाच्या गाळात लाल अळ्या वळवळताना दिसतील, मेफ्लाय शोधून सापडणार नाही.

तुमच्या जवळच्या ओढ्याचं बघायचं असेल तर पीएचच्या पट्ट्या घ्या, पण एकदाच मोजून थांबू नका, जोराच्या पावसानंतर परत मोजा, कारण काही तासांपुरता पीएच पडला तरी नाजूक जाती जातात. आणि दगड उलटा केलात तर होता तसाच परत ठेवा, खाली अंडी चिकटलेली असतात.