तुमचे प्रश्न : डोंगर फोटोत एवढुसा का दिसतो?

पाऊस ओसरायला लागला की या सदरात डोंगराचे प्रश्न सुरू होतात. यावेळी बहुतेक पत्रं मोबाईलवाल्यांची आहेत, म्हणून उत्तरंही शक्यतो मोबाईल हातात धरूनच दिलीयत, कॅमेऱ्याचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून समोर तोरणा केवढा मोठा दिसत होता, अंगावर येत होता अक्षरशः, पण फोटोत पाहिलं तर नुसती एक रेघ. फोन चांगला आहे, तीन लेन्स आहेत. काय चुकतंय? (चिंचवडहून एक वाचक)

तुम्ही बहुतेक ०.५ वर, म्हणजे फोनच्या सगळ्यात वाईड (रुंद दाखवणाऱ्या) लेन्सने फोटो काढलाय. समोर एवढं सगळं दिसत असतं की हात आपोआप वाईडकडे जातो, सगळं मावलं पाहिजे ना! पण वाईड लेन्स लांबच्या गोष्टी आणखी लहान करते आणि पायाजवळचं मोठं करते. आपण प्रत्यक्ष बघतो तेव्हा लक्ष फक्त तोरण्यावर असतं, बाकीचं आकाश, खालची शेतं, कडेची झुडपं डोक्यात शिरतच नाहीत, पण फोनला ते सगळं सारखंच. म्हणून लांबच्या डोंगरासाठी उलट करा, २ किंवा ३ची लेन्स लावा (बोटांनी ताणलेला झूम नाही, फोनमध्ये मुळात दिलेली लेन्स) आणि आकाश कापून टाका. झूमने मागचे डोंगर पुढच्यांना चिकटल्यासारखे दिसतात, आणि सह्याद्रीत ती एकामागे एक फिकट होत जाणारी रांगांची गंमत आहे ना, ती अशीच मिळते.

वाईडच काढायचा असेल तर मग जवळ काहीतरी हवंच. बुरुजाची कड, पाण्याचं टाकं, कारवीचं झुडूप, काहीही, पण अगदी हातभर अंतरावर, आणि फोन गुडघ्याच्या उंचीवर आणा. नुसतं उभं राहून समोर धरला तर मधे नुसती रिकामी जागा येते.

आणि वेळ! राजगडावरून तोरणा पश्चिमेच्या अंगाला आहे. म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, सगळा उजेड तोरण्याच्या तोंडावर सरळ पडणार, सावल्या त्याच्या मागे लपणार, मग घळी-सोंडा काही कळत नाहीत, डोंगर सपाट. तोच संध्याकाळी बघा, ऊन पलीकडून आडवं येतं आणि एकेक धार सुटी होते. सकाळ सुवेळा माचीवर घालवा, ती पूर्वेकडे आहे, आणि तोरणा संध्याकाळसाठी ठेवा. माझं तर म्हणणं आहे की कुठल्याही गडावर जायच्या आधी नकाशात एवढं एकच बघावं, काय कुठल्या दिशेला आहे. लेन्सवर पैसे घालण्याआधी हे करा, याला काहीच लागत नाही.

धुक्यातले फोटो राखाडी आणि मळकट येतात. (कोल्हापूर)

कारण कॅमेरा समोरचं सगळं साधारण मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड मोजतो. पांढरंशुभ्र धुकं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झालाय, आणि तो फोटो काळवंडवतो. फोनवर धुक्यातल्या झाडावर बोट टेकवून दाबून ठेवा, लॉक झालं की शेजारची सूर्याची खूण थोडी वर सरकवा. कॅमेरा असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-काळा करायची सोय) +०.७ ते +१ वर ठेवा. आणि धुक्यात काहीतरी काळं शोधा, ओलं झाड, कातळ, छत्रीवाला माणूस, नाहीतर नुसता पांढरा कागद दिसतो. जागा सोडून लगेच जाऊ नका, धुकं मिनिटामिनिटाला बदलतं.

घरच्यांसोबत जातो, पोचायलाच अकरा वाजतात. भर दुपारी चांगले फोटो येतात का? (नाशिक)

येतात, पण दूरच्या देखाव्याचा नाद दुपारी सोडा. रानात शिरा, घळीत उतरा, सांदण दरीसारख्या अरुंद जागेत तर दुपारीच उजेड खालपर्यंत पोचतो (पावसाळ्यात मात्र तिथे अजिबात नाही, पाणी भरतं). ढग असतील तर फार छान, उन्हाचा कवडसा डोंगरावरून सरकत जातो, तो हव्या त्या सोंडेवर येईपर्यंत थांबायचं.

कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर लावलात तर ओल्या पानांवरची, कातळावरची चकाकी जाते आणि हिरवा रंग खरा दिसतो. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वात जास्त. अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरा, तर्जनी सूर्याकडे करा आणि मनगट फिरवा, अंगठा जिकडे जाईल तिकडचं आकाश गडद होणार. फार वाईड लेन्सवर मात्र आकाश अर्धं गडद अर्धं फिकट येतं, तिथे नकोच.

कासला फुलं खूप होती पण फोटोत नुसते ठिपके. आत जाऊन काढले तर चालतं का? (सातारा)

नाही, अजिबात नाही. जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम एक थर असतो, त्यात ती फुलं येतात, एक पाय पडला की तेवढी जागा गेली. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा युनेस्कोच्या वारसा यादीत आल्या त्यात कास आहे, पण यादीत नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. वाटेच्या कडेलाच खाली बसा, फोन उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीजवळ येते, आणि फुलांच्या पातळीवरून आडवा फोटो काढा. वरून बघितलं की फुलांमधली माती दिसते, आडवं बघितलं की फुलं एकमेकांत मिसळतात, गालिचा दिसतो तो तसाच. ढगाळ दिवस त्यासाठी उत्तम, रंग फाटत नाहीत. शनिवार-रविवार टाळा.

ट्रायपॉड नाही, धबधबा दुधासारखा कसा काढू? (ठाणे)

कॅमेरा दगडावर किंवा सॅकवर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, शटर पाव ते एक सेकंद उघडं राहू द्या. आयफोनवर लाईव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्सपोजर निवडता येतं. पण प्रत्येक धबधबा दुधाळ करू नका हो, नाणेघाटात वाऱ्याने पाणी उलटं वर उडतं, तिथे थेंबन् थेंब गोठलेला हवा, शटर १/१००० सेकंदाच्या आसपास.

गाडीतून उतरलं की लेन्सवर आतून बाहेरून वाफ धरते. (पुणे)

एसीत थंड झालेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की होणारच. बाहेरून धरलेली पुसून परत धरते, म्हणून पुसत बसू नका. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा, नाहीतर कॅमेरा बंद बॅगेतच बाहेर ठेवून गरम होऊ द्या. आतून धरली असेल तर तिथे लेन्स काढू नका, घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोनेक दिवस ठेवा, तरी गेली नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, कारण ओल राहिली की बुरशी धरते आणि ती काचेला खाते.