अख्खं गाणं वाजव, मग भांड

बाळ,

तुझी दहा हेवी मेटल ड्रमरांची यादी मिळाली. "सर, यांना नंबर द्या ना" असं खाली लिहिलंयस. नंबर देत नाही. पण त्याच्याही खाली जे लिहिलंयस, ते वाचून मला राहवलं नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायच्या सोडून हे लांबलचक लिहायला बसलोय. ब्लॅक सॅबथच्या बिल वॉर्डचं नाव घेतलंस तर बँडमधली पोरं हसली, "किती स्लो आहे तो" म्हणाली, आणि तेव्हापासून तुला तुझ्याच कानाचा भरवसा वाटेना. आता बाकी सगळा रियाज बंद, नुसता दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवायचा डबल पेडल आणि बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके. आणि वर मला विचारतेस की यातला खरा बाप कोण ते सांगा, म्हणजे मी त्याच्यासारखं शिकेन.

"आवड आपापली, सगळेच मोठे" असं मी म्हणेन अशी तुझी अपेक्षा असेल तर ती सोड. असं बोलणारा माणूस मला आळशी वाटतो. हेवी मेटलच्या ड्रमरांमध्ये डावंउजवं आहे, त्यावर भांडायला हवं, चांगलं घसा बसेपर्यंत भांडायला हवं. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव संपला की आम्ही धोबी तलावावरून चर्नी रोडपर्यंत हेच भांडत चालत जायचो. फक्त भांडायला माझी एक अट आहे. ज्याच्याबद्दल तोंड उघडायचं, त्याचं एक अख्खं गाणं आधी स्वतः वाजवायचं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या क्रॅश झांजेपर्यंत. अर्ध्या स्पीडला वाजव, चुकत वाजव, पण अख्खं वाजव. तुकडा चालणार नाही.

तुमच्या गिटारिस्टने पाठवलेली ती रील पाहिली. 'पेनकिलर'ची सुरुवात. १९९० सालचा अल्बम, स्कॉट ट्रॅव्हिस जुडास प्रीस्ट बँडमध्ये नवाच आला होता आणि अल्बमचं दार त्याने एकट्याने उघडलं. जबरदस्तच आहे ते. पण गाणं सहा मिनिटांचं आहे. गायकाच्या ओळींखाली ट्रॅव्हिस काय करतो, दोन गिटारींच्या सोलोखाली काय करतो, ते त्या पोराला विचार. त्याला सांगता येणार नाही. त्याने ऐकलेलंच नाही, कारण रील तिथे संपते.

स्लेयर बँडचं 'एंजल ऑफ डेथ' घे, १९८६ सालचं. डेव्ह लोंबार्डोचा तो डबल बेसचा ब्रेक, सगळे गप्प आणि फक्त त्याचे पाय, हा तुकडा कापून कापून सगळीकडे फिरतो. तो गाण्यात येतो कुठे? जवळजवळ पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटाकडे. आधी मिनिटाला २१० ठोक्यांच्या आसपास पळायचं, मग मधला संथ भाग येतो. ऐकणाऱ्याला वाटतं इथे ड्रमरला दम खायला मिळाला. वाजवून बघ. तिथे पिंढऱ्या थंड पडतात, आणि थंड पडलेल्या पायांनी पुन्हा पळायला लागायचं, आणि त्यानंतर तो ब्रेक. हे ताज्या पायांनी पंधरा सेकंद वाजवून लोंबार्डो कळत नाही. आणि त्या अल्बमवर असली दहा गाणी आहेत, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत.

तू पथकात दोन वर्षं ताशा वाजवलायस, तुला हे मी समजावून सांगायला लागावं याचंच मला नवल वाटतं. मिरवणूक निघताना सगळ्यांचाच हात छान पडतो. कोण ताशेवाला हे चौपाटी जवळ आल्यावर कळतं.

पोरांनी आयर्न मेडनच्या निको मॅकब्रेनलाही 'एका पेडलवाला' म्हणून यादीच्या तळाशी टाकलंय. हो, जवळजवळ अख्खी कारकीर्द त्याने एका पायावर काढली. १९८३ सालच्या त्याच्या पहिल्या मेडन अल्बममध्ये पहिला आवाज त्याच्या टॉम्सचा, म्हणजे किटवरच्या छोट्या ढोलांचा आहे, 'व्हेअर ईगल्स डेअर'चा. ते गाणंही सहा मिनिटांचं, आणि त्यातल्या ट्रिपलेट्स, म्हणजे तीन-तीनच्या गटातले ठोके, एकाच उजव्या पायाने. दोन पेडल लावून वाजवलंस तर ते गाणं वेगळंच वाटेल. एका पायात जी किंचित ओढ असते ती निघून जाते. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनने त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात आपल्या बीकेसीच्या मैदानावर केली, तेव्हा मी गर्दीत होतो. तेरा मिनिटांहून मोठं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' त्यांनी वाजवलं. मी इतर कुणाकडे पाहिलंच नाही. मधे सगळं जवळजवळ थांबतं, जहाज हलतंय असा नुसता भास उरतो, आणि तिथून तो माणूस बँडला पुन्हा उचलतो. जानेवारी २०२३ मध्ये त्याला स्ट्रोक आला, उजव्या हाताची ताकद गेली. त्याच वर्षी तो पुन्हा दौऱ्यावर गेला आणि डिसेंबर २०२४ पर्यंत वाजवत राहिला. त्याला तळाशी टाकणाऱ्यांनी आधी ती सहा मिनिटं एका पायावर काढून दाखवावीत.

उलट बाजूनेही बोलतो, नाहीतर तुला वाटेल सर म्हातारे झाले, जुन्यांचीच भक्ती करतात. मेशुगा बँडचा टोमास हाके तुझ्या यादीत चौथा आहे, मी त्याला वर ठेवेन. २००८ सालचं त्यांचं 'ब्लीड' सात मिनिटांहून मोठं आहे. त्यात पाय गिटारच्या रिफला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला, चिकटून तिरके पळतात आणि हात वर साध्या चारच्या मापात शांत चालतात. तुझी मित्रमंडळी फक्त पाय मोजतात. तू पायाकडे जाऊच नकोस. तुझ्या आईने तुला लहानपणी तबल्याच्या क्लासला घातलं होतं ना, तेव्हाची पढंत, तोंडाने बोल म्हणणं, आठव. हाताने चारची टाळी धर आणि रिफ तोंडाने म्हण. टाळी न हलता रिफ तोंडातून नीट पडायला लागला, सम कुठे येते ते न शोधता कळायला लागलं, की मग स्टूलवर बस. टूल बँडचा ड्रमर डॅनी कॅरी आलोक दत्तांकडे तबला शिकला. त्याला जे अमेरिकेत बसून शोधावं लागलं ते तुझ्या घरात होतं. लोकल ट्रेनमध्ये, डोंबिवली ते दादर, बॅगेवर टाळी धरून हे होण्यासारखं आहे. किट लागत नाही, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

मेटालिकाच्या लार्स उलरिकला शिव्या घालणं मात्र बंद करा सगळ्यांनी. त्याचा हात मलाही फार आवडत नाही. पण मेटालिकाच्या गाण्यांचे तुकडे कुठे जोडायचे, कुठे तोडायचे, हे गायक-गिटारिस्ट हेटफिल्डच्या बरोबरीने त्याने ठरवलं, आणि हे त्यांचं 'वन' अख्खं वाजवलं की लक्षात येतं. वाजवलंय का कुणी? नाही. मग गप्प बसा.

आता बिल वॉर्ड. इथे मला वेळ घेऊ दे.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. मेटल ड्रमिंग असं काही तेव्हा नव्हतंच, कॉपी करायला कुणी नव्हतं. बर्मिंगहॅमचा हा मुलगा जीन क्रुपा आणि बडी रिच हे ड्रमर ऐकत वाढलेला, म्हणजे जॅझचा. (त्याच बडी रिचबरोबर १९६८ मध्ये आपल्या अल्लारखाँसाहेबांची एलपी निघाली होती. मिळवून ऐक.) सॅबथच्या गिटारिस्ट टोनी आयोमीचे जड रिफ आले, तर सरळसोट ड्रमरने त्याखाली सरळ ठोके घातले असते आणि तो दगड तिथेच पडून राहिला असता. वॉर्डने खाली झोका ठेवला. सॅबथचं 'वॉर पिग्ज' लाव. जवळजवळ आठ मिनिटं. ऑझी गातो तेव्हा गिटार आणि बेस एक ठोका देऊन गप्प होतात, खाली राहतो फक्त हाय-हॅट, पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी. तो हाय-हॅट तू क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, बसवून बघ, मेलेला वाटेल. वॉर्डचा गातो, कारण तो गायकाचा श्वास ऐकून पुढेमागे होतो. आणि मग फिल्स, म्हणजे मधल्या जागा भरणारे तुकडे, प्रत्येक वेळी वेगळे, अडखळतील असं वाटायला लावणारे आणि बरोबर समेवर येणारे. स्लो आहे म्हणे! दोन ठोक्यांमधे एवढी मोकळी जागा असताना न घाबरता थांबणं काय असतं ते त्या पोरांना ठाऊकच नाही, कारण ती जागा त्यांनी कधी मोकळी ठेवलेलीच नाही.

तर नंबर देत नाही म्हणालो, पण पहिला नंबर सांगतो. बिल वॉर्ड. त्याच्यामागे लोंबार्डो. पुढचे आठ तुझे तू लाव, आणि माझे दोन खोडून काढता आले तर काढ. फक्त वाजवून काढ.

२०१३ साली सॅबथने नवा अल्बम केला तेव्हा कराराच्या भांडणामुळे वॉर्ड नव्हता. वाजवणारा चांगला होता, ठोका कुठे चुकला नाही. मी तो अल्बम फार वेळा ऐकू शकलो नाही. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये चौघं पुन्हा एकत्र वाजले, वॉर्ड सत्त्याहत्तरचा, आणि त्याच महिन्यात ऑझी गेला. त्या रात्रीचं वाजवणं तुझ्या मित्रांना दाखवू नकोस, ते वेग मोजतील. तू बघ.

तुला कुणीतरी सांगितलं असेलच की सर चांगले वाजवायचे पण हट्टी होते, म्हणून मागे पडले. हट्टी आहे. आमच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा सगळ्यांनी पैसे घातले होते, मीही घातले होते. स्टुडिओत मला सांगितलं, प्रत्येक भागाचे आठ-आठ बार (मापं) दे, बाकी आम्ही चिकटवतो, बेस ड्रमला सेन्सर लावतो, सगळे ठोके एकसारखे होतील. मी म्हटलं, मी गाणं वाजवतो, सहाही मिनिटं वाजवतो, पाहिजे तितक्या वेळा वाजवतो, पण चिकटवून देणार नाही. बँडने माझ्याशिवाय मशीनवर काम उरकलं. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. याचा परिणाम असा की आज माझ्या वाजवण्याचं एकही धड रेकॉर्डिंग नाही. तुला ऐकवायला काही नाही, माझ्या मुलाला ऐकवायला काही नाही. याची हळहळ मला आहे आणि ती जाणार नाही. पण तोच प्रश्न उद्या पुन्हा विचारला तर मी तेच उत्तर देईन. त्या आठ-आठ बारांमधे मी नव्हतोच. मी कुठे थकतो, थकल्यावर काय सोडतो, काय धरून ठेवतो, शेवटच्या कडव्याला माझ्या हातात काय उरतं, तो मी होतो. ते कापून टाकायचं तर मग माझं नाव कशाला?

सेन्सर आणि क्लिक वाईट असं म्हणत नाही, तू उगीच तसा अर्थ काढशील. मेशुगाने २००५ चा अल्बम प्रोग्रॅम केलेल्या ड्रम्सवर केला आणि तो अल्बम मोठा आहे. पण त्यांनी ते समजून केलं, ज्याला अख्खं वाजवता येत होतं त्याने केलं. तू वीस वर्षांची आहेस. तुझ्या पायात २००चा वेग येईल, सहा महिन्यांत येईल, त्याची मला काळजी नाही. तुझ्या हाय-हॅटमधे आत्ता जे आहे ते या वेगाच्या नादात गेलं तर ते परत आणायला फार वर्षं लागतात, आणि बऱ्याच जणांचं परत येतच नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत असे हात. म्हणून रागावतोय.

आता करायचं काय ते सांगतो. पुढचे दोन महिने यादी बंद. तीन गाणी घे: 'वॉर पिग्ज', 'व्हेअर ईगल्स डेअर', 'एंजल ऑफ डेथ'. याच क्रमाने. घरी प्रॅक्टिस पॅडवर, पाय चटईवर, फोनमधे गाण्याचा स्पीड कमी करता येतो तो करून. जॅम रूमचे तासाचे पैसे तुकडे घोटण्यात घालवू नकोस. तिथे गेलीस की गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चुकलं तरी थांबायचं नाही, पुन्हा पहिल्यापासूनही सुरू करायचं नाही. रेकॉर्ड कर आणि मला अख्खं पाठव. तीस सेकंदांची क्लिप पाठवलीस तर मी उघडणार नाही. आणि बँडच्या पोरांना निरोप दे, त्यांच्या लाडक्या ड्रमरचं कुठलंही एक गाणं त्यांनी निवडावं, मीही बसवतो. दादरला एखाद्या रविवारी सगळे मिळून वाजवू आणि मग हवं तेवढं भांडू.

तुझा,
सर

ता. क. मागच्या खेपेला तू जॅम रूममधे कानात कापूस घालून बसली होतीस. कापसाने काही होत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते आजच घे. माझ्या डाव्या कानात चोवीस तास शिटी वाजत असते.